सतरा चोक अडुसष्ट

वामनरावांनी शाळेच्या उंबऱ्यावर नारळ फोडला. घनश्याम, त्यांचा जुना कार्यकर्ता, गाडीकडे वळत म्हणाला,

"चला सायेब. आज शेवटचा दिवस हाय. तीनच्या आत फॉर्म भरा लागते."

दर निवडणुकीला आधी इथला नारळ, मग अर्ज, हा वामनरावांचा नेम. मारेगावजवळच्या याच शाळेत ते मास्तर होते. पाचदा आमदार झालो ते या उंबऱ्याच्या पुण्याईनं, असं ते भाषणात सांगत. उंबऱ्याच्या आत मात्र चौतीस वर्षांत पाय पडला नव्हता. पुढाऱ्याला बाहेरच इतकं काम असतं.

आज पाय आपसूक आत गेला. मधली सुट्टी संपत आलेली, पोरं पटांगणात. रिकाम्या वर्गात खिचडीचा वास होता. खिडकीतून आलेला कापसाचा पुंजका उन्हात तरंगत होता, त्याला खाली यायची काही घाई नव्हती. वामनरावांना वाटलं, आपण मधे कुठे गेलोच नाही. सभा, हारतुरे, मुंबई, सगळं खुर्चीतल्या डुलकीत पाहिलेलं.

दारात खिचडी करणारी बाई येऊन उभी राहिली. हातात पळी.

"वळखलं काय गुरुजी? मी विमल. चौथीतली."

ओळख पटली नव्हती, तरी त्यांनी सवयीनं मान डोलावली.

"तुमी सतराचा पाढा घेत होते. मोटार आली. 'येतोच मी, बसून राहा,' म्हनले, अन् पयला फॉर्म भराले गेलते. आमी सांज पडेपर्यंत बसून होतो. पोरं म्हने, घरी जाऊ. मी जाऊ देल्लं नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्यांना लागलं. पूल मागणाऱ्यांना, दवाखाना मागणाऱ्यांना, गावोगावी ते हेच सांगत आले होते, येतोच मी. अजून किती जण बसून असतील?

"कुठपर्यंत झाला होता, विमल?"

"सतरा चोक अडुसष्ट."

बाहेर हॉर्न वाजला. पाठोपाठ घनश्यामची हाक आली.

"सायेब, सव्वादोन झाले. पोचाले टाइम लागते."

"येतोच मी," वामनराव खिडकीतून म्हणाले. "बसून राहा."

मग त्यांनी फळ्याखालचा खडू उचलला. विमलनं पळी बाजूला ठेवली आणि ती पहिल्या रांगेत मांडी घालून बसली.