एका दांड्याचा स्टॅबिलायझर

नवरा झोपेतच गेला, त्याला चार आठवडे झाले. मग तिने त्याचा उंच चाकांचा ट्रक बाहेर काढला. दर मंगळवारी डोंगरावरच्या हवामान केंद्रात डिझेल पोचवायचं काम त्याचं होतं. केंद्रातल्यांनी तिला विचारलं, ती हो म्हणाली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. येणारेजाणारे रडून गेले. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

पहिल्याच खेपेला स्टिअरिंगने नाकी नऊ आणले. चाक दगडावर चढलं की ते हातातून हिसका मारून फिरायचं. परतली तेव्हा डावा अंगठा टम्म सुजला होता. दुखत असणार, असं तिला वाटलं.

गॅरेज नणंदेचंच. तिने अंगठा पाहिला आणि फळीवरून दोन खोकी काढली.

"वहिनी, स्टॅबिलायझर बसवू. आडवा शॉकअब्सॉर्बरच समज. धक्का तो खातो, हातापर्यंत येऊ देत नाही. हा एका दांड्याचा, हा जोडीचा."

"जोडीचा दणकट दिसतोय."

"पण स्टिअरिंग जड होईल. वळणानंतर चाकं चटकन सरळ यायची नाहीत."

"तू म्हणशील तो."

"मी कशाला म्हणू? चालवणार तू."

महिनाभरात तिला कुणी काही निवडायला सांगितलं नव्हतं. तिने बराच वेळ घेतला. "एकाचा."

"आधी खालचं बघते. काही ढिलं असेल तर हा नुसतं दुखणं झाकेल."

ट्रक जॅकवर चढला. नणंदेने चाक हलवलं, तसा डावा बॉल जॉइंट, म्हणजे चाक वळतं तो सांधा, खुळखुळला.

"दादाला किती वेळा म्हटलं, घेऊन ये," ट्रकखालून नणंद म्हणाली. "येतो येतो म्हणायचा."

मग पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. बाहेर दिसणारे तिचे बूट हलत होते. काहीतरी बोलायला हवं, हे दारातून स्टिअरिंग धरून उभ्या वहिनीला कळत होतं.

"चाकं सरळ आहेत," ती म्हणाली.

"हं." नाक ओढल्याचा आवाज. "तशीच धर."

नवा जॉइंट बसला. स्टॅबिलायझरचं एक टोक अॅक्सलला, दुसरं चाकं जोडणाऱ्या दांड्याला आवळलं. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं. कुठे अडकत नव्हतं, घासत नव्हतं.

मंगळवारी दगड तेच होते. स्टिअरिंग नुसतं थरथरलं, जागेवर राहिलं. वर डिझेल उतरवून होतंय तोच नणंदेचा फोन आला.

"कसा चालला?"

"सरळ."

"जेवलीस?"

तिला आठवावं लागलं. "नाही."

"मग घरी नको जाऊस. इकडे ये."

ती तिकडे गेली.