बकरी हलते की नाही

दोन हजार चार साली कसबा पेठेत माझे संगणक भाड्याने देण्याचे छोटेखानी दुकान होते. माझे स्वतःचे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. कन्या कल्याणी मात्र पदवीधर झाली. तिने अशी एक प्रणाली निर्माण केली होती की, दोन ठिकाणचे संगणक तारेवरून परस्परांशी वाघ-बकरी हा पटावरचा खेळ खेळतील आणि मनुष्याने केवळ अवलोकन करावे. खराडीच्या एका कंपनीतील प्रियदर्शनी मॅडमनी तिला सांगितले होते, "एक डाव पुरा करून दाखवा, नोकरी तुमची."

नियोजित दिवशी आमच्या दुकानात शेजारच्या सुदर्शनने प्रोग्राम लिहून रचलेला वाघ सज्ज झाला. तिकडे खराडीत मॅडमच्या शेजारी बसलेल्या, मूळच्या अमरावतीच्या प्रज्ञेशने लिहिलेल्या बकऱ्या. डाव सुरू झाला. एकेक बकरी पटावर येऊ लागली आणि एकाएकी सर्व ठप्प! पडद्यावर अक्षरे उमटली : 'नियमबाह्य चाल. खेळ समाप्त.'

मी तार हलवली, मोडेम बंद करून चालू केला, गणरायाचे स्मरणही केले. पुनः डाव, पुनः तीच अक्षरे.

"बाबा, तारेला हात लावू नका. तार निर्दोष आहे," कल्याणी म्हणाली व तिने स्पीकरवर फोन लावला. "प्रज्ञेश, तुझी बकरी जागची हलली का?"

"हलणारच ना. वाघ शेजारी आल्यावर तिनं काय आरती करायची?"

सुदर्शन उसळला. "सगळ्या बकऱ्या पटावर आल्याशिवाय एकही हलत नाही. कसब्यातलं शेंबडं पोरही सांगेल."

"मग त्या पोरालाच प्रोग्राम लिहायला बसवायचं होतं."

"चूक माझी आहे," कल्याणी म्हणाली. "चाली पोचवल्या, पण नियम कोणता हे दोघांना विचारलंच नाही. सुदर्शन, एवढा डाव त्यांच्या नियमानं होऊ दे. एक ओळ बदल."

"ओळीचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे."

तेव्हा मात्र माझा संयम सुटला. "अरे तत्त्वनिष्ठा, तुझ्या वाघापायी माझी पोर घरी बसवू काय?"

सुदर्शनने मुकाट्याने ओळ बदलली. डाव निर्विघ्न पार पडला. आता मॅडम काय निर्णय देतात, याकडे मी कान लावून बसलो.

"डाव झाला, पण चुकीचा झाला," मॅडम म्हणाल्या. "आमच्या सांगलीकडे बकरी हलते, पण मागे जात नाही."

"छे! असं कुठं असतं का?" हे सुदर्शन व प्रज्ञेश एकाच वेळी बोलले. त्या दिवसातील हे त्यांचे प्रथम मतैक्य.

कल्याणीने कपाळाला हात लावला. मी तर नोकरीवर पाणीच सोडले.

मॅडम हसल्या. "कल्याणी, सोमवारी रुजू व्हा. येताना खेळण्यापूर्वी नियम निवडायची सोय करून आणा. सांगलीचा विसरू नका."

फोन ठेवल्यावर माझे डोळे भरून आले. मी देवापुढे साखर ठेवण्यास उठलो, तोच सुदर्शनने मार्ग अडवला.

"काका, तिला सांगा, त्यात कसब्याचा नियम पहिला टाकायचा."

डाव कोणी जिंकला, हे अद्यापि कोणी विचारलेले नाही.