माझ्यापर्यंत न आलेले गोल

मी एक जुनी जाळी आहे. माशांची नव्हे, फुटबॉलच्या गोलची. सिंगापूरला क्वीन्सटाउनमधल्या एका मैदानावर मला बांधलेलं आहे. मित्रांनो, आधीच सांगते, माझं तोंड फटकळ आहे. ते मला साधनाताईंमुळे लागलं. त्यांची मुलगी क्षिप्रा इथे खेळायची, आणि त्या माझ्या मागच्या पायरीवर बसून पुण्याच्या बहिणीशी फोनवर तासन्‌तास बोलायच्या. मी मराठी शिकले ती तिथे, तेव्हा माझ्याकडून गुळमुळीत बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

एका कारखान्यात पांढऱ्या नायलॉनच्या दोरीला गाठी मारून मला विणलं. पहिल्यांदा खांबांना बांधलं तेव्हा मी अशी झकास दिसत होते की पोरी माझ्यासमोर उभ्या राहून फोटो काढायच्या. माझं काम एकच. बॉल माझ्या अंगावर आला की गोल, नाही आला की नाही. त्यात वशिला चालत नाही. गोल झाला की पोरी धावत येऊन मला कवटाळायच्या, आणि तेवढ्या कौतुकावर मी इथलं ऊन आणि रोजचा पाऊस काढला. आता मी करडी झालेय. खालून फाटलेय, तिथे कुणीतरी प्लॅस्टिकचे पट्टे आवळून ठेवलेत. नवी जाळी आणू म्हणतात आणि विसरतात. असो. माझं रडगाणं गायला मी बसलेली नाही. मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची.

गोष्ट गेल्या वर्षीची, २०१४ सालची. क्षिप्राच्या ज्युनिअर कॉलेजचा मुलींचा संघ याच मैदानावर खेळायचा. ज्युनिअर कॉलेज म्हणजे जेमतेम दोन वर्षं. पहिलं वर्ष क्षिप्राने बाकावर बसून काढलं. दुसऱ्या वर्षी ती फॉरवर्ड झाली, म्हणजे गोल मारण्याची जागा तिची. स्पर्धेत तिच्या नावावर अजून एकही गोल नव्हता. "यंदा एक तरी मारणार, आई, बघच," असं ती आईला सारखं सांगायची. त्यानंतर परीक्षा, मग युनिव्हर्सिटी. हे एकच वर्ष काय ते तिच्या हातात होतं.

नेमके तेव्हाच जुने कोच नोकरी सोडून गेले, आणि नवीन कोच म्हणून निशिकांत सरांचं नाव पुढे आलं. 'आक्रमक खेळ, सामन्याला सरासरी जवळजवळ तीन गोल' अशी त्यांची जाहिरात. हा आक्रमणाचा इतिहास खरा की खोटा, ते तपासायचं काम पालकांच्या समितीने क्षिप्राच्या बाबांना दिलं. विवेकराव आयटीत मॅनेजर, ऑफिसात दरवर्षी माणसांना रेटिंग देतात. त्यांनी माझ्या मागे बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन सरांना जोखलं. मान वर करून मैदानाकडे बघितलं असेल तर शपथ!

"बाबा, त्यांची जुनी टीम उद्या इथेच खेळतेय. तू एकदा बघ ना," क्षिप्रा म्हणाली. "त्यांच्या मुली सांगतात, almost every time the other team never come, lah."

"ऐकीव गोष्टींवर मी मत बनवत नाही," विवेकराव म्हणाले. "माझ्याकडे सगळे निकाल आहेत. आणि आपला मराठी माणूस आहे, जीव ओतून शिकवेल."

आता निशिकांत सरांची युक्ती ऐका. या स्पर्धेत सामन्याची तारीख यजमान संघाचा कोच ठरवतो. सर नेमका समोरच्या कॉलेजच्या परीक्षेच्या आदल्या दिवसावर बोट ठेवायचे. त्या कॉलेजच्या पोरी ट्यूशनला पळायच्या, अकरा जणी जमायच्या नाहीत, संघ यायचाच नाही. मग नियमाप्रमाणे आलेल्या संघाला तीन-शून्य असा विजय. निकालात नुसतं तीन-शून्य दिसतं. बॉल माझ्यापर्यंत आलाच नाही हे त्यात कुठे दिसणार? शी! मी जाळी आहे हो, मला तरी फसवू नका!

विवेकरावांनी शेरा दिला, 'उत्कृष्ट'. सर आले.

आले आणि सरावात काय, तर "मागे! सगळ्या मागे!" गोल खायचा नाही, एवढंच त्यांना ठाऊक. फॉरवर्ड असलेल्या क्षिप्राला आपल्याच गोलपाशी उभं केलं. सामन्यांच्या तारखा ठरल्या त्या त्यांच्या जुन्याच पद्धतीने. पोरी नटूनथटून यायच्या, शिटी वाजायची, तीन-शून्य, की लगेच माझ्यासमोर फोटो. दोन बोटं वर करून हसायला लावायचे सर त्यांना. मला अशी किळस यायची की वाटायचं, गाठी सोडून खाली पडावं.

शेवटच्या सामन्याला मात्र समोरचा संघ आला. जिंकलं तर उपांत्य फेरी, नाही तर घरी. शून्य-शून्य चाललेलं.

"सर, मी पुढे जाऊ?" क्षिप्रा ओरडली.

"जागा सोडू नकोस! हरलो नाही म्हणजे झालं!"

सामना बरोबरीत सुटला. क्षिप्रा माझ्यापाशी येऊन बसली आणि माझ्या दोऱ्या मुठीत धरून रडली. "Not even one shot, Aai," म्हणाली. साधनाताईंनी फोन बंद केला आणि त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

तेवढ्यात विवेकरावांना प्रबोध यांचा फोन आला. हे इथेच सिंगापुरात, बुकित तिमाहला राहतात. त्यांच्या मुलीच्या कॉलेजला निशिकांत सर हवे होते, म्हणून चौकशी.

"सरासरी एक नंबर," विवेकराव म्हणाले. "डोळे झाकून घ्या."

क्षिप्राने नाक पुसलं. "बाबा, त्या सरासरीत माझा एक तरी गोल आहे का रे?"

विवेकरावांनी फोन खिशात टाकला.

"त्यांना परत फोन लावा आणि खरं काय ते सांगा," साधनाताई म्हणाल्या.

"आता कसं सांगू? त्या शेऱ्याखाली नाव माझं आहे."

नाही केला त्यांनी फोन. स्वतःची पोर समोर रडतेय, आणि या माणसाला आपल्या शेऱ्याची लाज राखायची पडली होती! थू!

पुढच्या, म्हणजे यंदाच्या हंगामात निशिकांत सर दुसऱ्या रंगाच्या जर्सीतल्या मुली घेऊन माझ्यासमोर हजर. त्यात प्रबोध यांची पहिल्या वर्षातली मुलगी अश्लेषा होती, नवे कोरे बूट घालून. समोरचा संघ आला नव्हता. शिटी वाजली, फोटो झाला.

"सर, एकदा तरी किक मारू का?" अश्लेषाने विचारलं.

"उशीर होतोय. चला, बसमध्ये बसा."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी म्हणायला हवं. माझी नका घेऊ, माझं काय ते भागतंय. तुमच्यापैकी कुणी प्रबोध यांना ओळखत असेल, तर त्यांना एवढा निरोप द्या, की एकदा इथे येऊन सामना बघा. तुमच्या पोरीचं अजून एक वर्ष शिल्लक आहे.