चारी कोपरे दाबून

“आधी वास घे, मग हात लाव.” दुधाच्या भांड्यापासून समईच्या तेलापर्यंत सगळ्याच बाबतीत सासूबाई, गुणाबाई, हेच सांगायच्या. त्यांना जाऊन वर्षं झाली, पण राजेश्वरीची सवय सुटली नव्हती. आत्ताही तिनं कॉटपाशी वाकून लेकीच्या लॅपटॉपच्या नव्या अडॅप्टरजवळ नाक नेलं.

जळक्या केसांसारखा वास होता, आणि त्यात काहीतरी गोडसर, नासलेल्या फळाचं. शुक्रवारचा उपास, पोटात सकाळपासून फक्त तीर्थ. बोटांना पदर गुंडाळून तिनं पिन ओढून काढली.

“करिष्मा, हे कधीपासून तापतंय गं?”

“लावल्यापासनं. आणि लॅपटॉपला हात लावला की बोटाला मुंग्या येत्यात. बघ की, मज्जा.”

राजेश्वरीनं हात पुढं केला नाही. पुढच्या खोलीत तिच्या नवऱ्याचे, मारुतीरावांचे, दोन्ही पॉवरलूम खडखडत होते, त्यामुळं वडगावातल्या बहुतेक घरांसारखं या घरातही सगळे ओरडूनच बोलत. राजेश्वरी तेवढी नाही. तिचं ऐकायचं तर समोरच्यालाच जवळ यावं लागे.

लॅपटॉप बंद पडून चालणार नव्हतं. निपाणीच्या आक्काताईंच्या साड्या घड्या घालून तयार होत्या, आणि त्यांवर लावायच्या लेबलांचा नमुना त्या लॅपटॉपातच होता. करिष्मानंच काढलेला मोर, खाली ठसठशीत अक्षरांत ‘शुद्ध हातमाग’. आक्काताई घरातूनच साड्या विकत. यल्लम्माची ओटी भरायला बायका त्यांच्याकडून साडी नेत. देवीला हातमागाचंच नेसवायचं, हा त्या बायकांचा नेम. हे एक गिऱ्हाईक तुटलं तर लूमवर घालायला काम उरणार नव्हतं.

जुना अडॅप्टर वायरीपाशी तुटला होता आणि कंपनीचा यायला वेळ लागणार होता. म्हणून राजेश्वरीनंच हा आणला होता, बहिणीच्या मुलाच्या, अमृतच्या दुकानातून. त्यानं भिंतीवरच्या यल्लम्माच्या फोटोकडं हात करून म्हटलं होतं, “आईच्यान मावशी, कंपनीचं हाय.” त्यानंतर तिनं खोकं उघडूनही बघितलं नव्हतं.

अडॅप्टर गार झाल्यावर तिनं तो उलटा केला. तापून लेबलाचा एक कोपरा उचलला होता. नखानं धरून ओढलं तर लेबल सालीसारखं सोलून आलं. खाली दुसरं लेबल. त्यावर नाव भलत्याच कंपनीचं आणि व्होल्टचा आकडाही निराळा.

तिनं तो प्लास्टिकच्या पिशवीत टाकला आणि पिशवी अंगापासून लांब धरून बसनं अमृतचं दुकान गाठलं. देवीचं नाव घेऊन खोटं बोललेल्या तोंडाची तिला त्या वासापेक्षा जास्त किळस आली होती.

“मेलेला उंदीर आणल्यागत काय धरलंय मावशी?” अमृत हसला.

तिनं पिशवी काउंटरवर ठेवली. सोललेलं लेबल शेजारी ठेवलं.

“तू शपथ घेतलीस रं.”

“तुमच्या घरात अर्थिंग न्हाय, त्याला मी काय करू? लूमच्या लाइनीवर लावलं असशीला.”

“अमृत.”

आवाज चढला नव्हता, तरी त्यानं काउंटरखालचं पोतं पुढं ओढलं. आत काळे अडॅप्टर एकमेकांच्या वायरीत गुंतून पडले होते, गटारातून उपसलेल्या गाळासारखे. त्यानं एक सोडवून काढला.

“ह्यो घे. ह्यो तापत न्हाय.”

“कंपनीचा हाय?”

“मावशी, चालतोय न्हवं? मग झालं. माणूस लेबल बघून घेतंय. मी न्हाय लावलं तर पलीकडचा लावतोय.”

बोलता बोलता त्यानं लेबलांच्या भेंडोळ्यातून कंपनीच्या नावाचं एक उचललं, अडॅप्टरवर सरळ ठेवलं, चारी कोपरे अंगठ्यानं दाबले, मधून तळहात फिरवला आणि सवयीनं तो अडॅप्टर कपाळाला टेकवला.

राजेश्वरी त्या अंगठ्याकडं बघत राहिली.

दर शुक्रवारी पूजा आटोपली की ती साड्यांना लेबलं लावायला बसे. डिंकाचं बोट, मग चारी कोपरे अंगठ्यानं, मधून तळहात, आणि पहिली साडी कपाळाला. साड्या पॉवरलूमवरच्या. हातमाग घरात होता तो सासरे गेले त्यांच्या मागोमाग थांबला, त्याची लाकडं कुणाच्या तरी गोठ्याला गेली. ‘गल्लीत सगळीच लावत्यात’ असं मारुतीराव एकदा म्हणाले होते, आणि तेवढ्यावर तिनं डिंक कालवला होता.

ती पायरी उतरून गटारीशी गेली आणि थुंकली.

“ऊन लागलं काय? सरबत सांगू?” अमृत आतून विचारत होता.

“उपास हाय.”

“मग ह्यो तर घेऊन जा.”

“नको. दोन्ही तुझ्यापाशीच असू देत.”

बसची वाट बघताना आक्काताईंचा फोन आला.

“काय गं राजेश्वरी, झाल्या काय साड्या? बायका रविवारी यायच्यात.”

“घड्या झाल्यात, आक्का.”

“ते लेबल काय मला वाचता येत न्हाय आता, नजर गेली. कुणी विचारलं की मी तुझंच नाव सांगते. नेमाची बाई हाय, तिच्या घरचं हाय म्हणते. हातमागाचंच हाय न्हवं?”

वडगावची बस येऊन थांबली, माणसं चढली, बस गेली.

“आक्का, फोनवर नको. साड्या घेऊन आजच येते मी. समोर बसून सांगते.”

“त्यात समोर बसून काय सांगायचं?”

“येते म्हटलं न्हवं.”

“बरं, ये. उपास इथंच सोड.”

घरी करिष्मा खुशीत होती.

“शेजारच्या रचनाचा अडॅप्टर आणला. तिच्या लॅपटॉपसंगं आलेला, खरा. लाव हात, मुंग्या न्हाईत.” तिनं छापून कातरलेली लेबलं पुढं केली. शेजारी डिंकाची वाटीही तयार होती. “तूच लाव. माझी वाकडी लागत्यात.”

राजेश्वरी न्हाणीत गेली आणि साबण लावून अंगठे घासत बसली, कातडी लाल होईपर्यंत. मग बाहेर येऊन तिनं चादर अंथरली आणि साड्या तशाच तीत ठेवायला सुरुवात केली.

“आई, लेबलं?”

“न्हाईत लावायची.”

मारुतीरावांनी तिचे ओठ हललेले पाहिले. शब्द कळले नाहीत म्हणून त्यांनी एक लूम बंद केला, मग दुसरा. घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं.

“काय म्हणालीस?”

“आक्काताईंना सांगून येते, कुठल्या मागावरच्या हाईत ते.”

“डोकं फिरलंय काय?” ते म्हणाले. “गिऱ्हाईक जाईल.”

“व्हय.”

“आणि मग ह्या लूमांवर काय घालू? देवीपुढचा ऊद?”

तिनं पुढची साडी चादरीत ठेवली. मारुतीराव तिच्याकडं बघत राहिले, मग करिष्माकडं. तिनं लेबलांवर हात पालथा ठेवला होता. त्यांनी एक लूम सुरू केला. दुसऱ्याच्या बटणापाशी हात थांबला, तो तिथंच राहिला.

राजेश्वरीनं चादरीच्या गाठी आवळल्या, गाठोडं काखेत घेतलं आणि दारात बसून चपला घातल्या.

“निपाणीची शेवटची गाडी गाठायची असली तर रिक्षानं जा,” मारुतीराव लूमकडं तोंड करूनच ओरडले.

तिनं मान हलवली, आणि गल्लीतल्या सगळ्या मागांच्या खडखडाटातून रिक्षा स्टँडच्या दिशेनं चालू लागली.