झडीतला लाल डोळा

मी जुना आहे, अर्धा आहे आणि माझ्या मनात राग आहे. मित्रांनो, एवढं आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट माझी आहे. गोड वाटली नाही तर माझ्यावर रुसू नका. आचलच्या सायकलच्या मागच्या मडगार्डवर जो लाल रिफ्लेक्टर असतो ना, तो मी.

एका कारखान्यात लाल प्लास्टिक वितळवून मला साच्यात ओतलं. माझ्या पोटात शेकडो बारीक कंगोरे आहेत. मागून गाडीचा दिवा माझ्यावर पडला, की हे कंगोरे तो उजेड पकडतात आणि ज्यानं पाठवला त्याच्याच डोळ्यांत परत फेकतात. माझ्याजवळ स्वतःचा उजेड थेंबभरही नाही. दिलं तर मी देतो. दिलं नाही, तर मी नुसती लाल टिकली.

आचल दहावीत आहे. तिचं गाव चांदूर बाजारपासून सहा किलोमीटर, आणि शाळेच्या वेळेला एसटी नाही. म्हणजे सायकल होती म्हणून शाळा होती. रोज निघताना ती ओढणीच्या टोकानं मला पुसायची. "चल रे लाल्या," म्हणायची. मडगार्डवर बसून जग मला नेहमी उलटं दिसतं, सगळं मागे मागे जाताना. पण त्या एका शब्दासाठी मी सहा किलोमीटर चिखल तोंडावर घेत असे.

श्रावणात तीन दिवस पावसाची झड लागली. सकाळचे दहा वाजले होते, पण आभाळ असं खाली आलं होतं की रस्त्याकडेच्या बाभळीही धुरकट दिसत होत्या. आचलच्या अंगावर काळा रेनकोट होता. काळा घेतला तिच्या आईनं, आरतीनं. मळत नाही म्हणून. काळा रेनकोट, ओला काळा डांबरी रस्ता आणि दोन्ही बाजूंना काळं रान. त्यात दिसण्यासारखा म्हणाल तर मी एकटा.

समोरून आचलचे आजोबा, आबाजी, आले. महादेवराव त्यांचं नाव. जुन्या स्कूटरवर चांदूर बाजारहून दळण घेऊन घरी निघाले होते. "हळू जाय वं पोरी!" एवढं ओरडून ते पुढे गेले आणि मला त्यांची पाठ दिसू लागली. त्यांच्याही पलीकडे, दूर, एक पिकअप येत होती. तिचे दोन्ही दिवे लागलेले. तो उजेड माझ्यापर्यंत पोचला आणि मी तो परत फेकायला लागलो. मनात म्हटलं, ये बाबा, मी जागा आहे.

आणि दिवे विझले.

मी तसाच ताणून बसलो होतो, पण फेकायला काही उरलंच नव्हतं. पिकअप जवळ आली, आणखी जवळ आली. मग मडगार्ड दुमडला, माझे दोन तुकडे झाले आणि आचल नालीत पडली. अर्धा मी तिच्याजवळच चिखलात राहिलो. तिचा डावा हात कोपराखाली मोडला होता. "आई वं" एवढंच ती म्हणाली, तेही हळू. ते मी अजून विसरलो नाही.

पिकअपवाला विपुल नावाचा तरुण होता. त्यानंच तिला उचलून दवाखान्यात नेलं. "दिसलीच नाही जी," असं तो ज्याला त्याला सांगत होता. दिसली नाही? दिवे कोणी विझवले? माझे डोळे फोडून वर म्हणतो दिसली नाही! त्या दिवशी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

आचलच्या बाबांनी, किशोरनं, त्याच संध्याकाळी निकाल दिला. "सायकल भंगारात. शाळा बंद. परीक्षेचा फॉर्म बाहेरून भरू." आचल हातावरच्या प्लास्टरकडे पाहत राहिली. वाकडीतिकडी सायकल अंगणात भिंतीला टेकवून ठेवली. उरलेला अर्धा मी तिच्यावर लटकत होतो. तुटलेली धार बाहेर. धार लावून वाटच पाहत होतो म्हणा ना.

आठव्या दिवशी विपुल आला. हातात बिस्किटांचे पुडे आणि मान खाली. सायकल मी नीट करून आणतो म्हणाला आणि मागचं चाक उचलायला वाकला. मी सरळ त्याच्या अंगठ्यात घुसलो. रक्त आलं. खरं सांगतो मित्रांनो, मला बरं वाटलं.

"लागू दे," किशोर म्हणाला. "मले एवढंच सांग, झडीत लाईट काहून नव्हता लावला?"

"लावला होता जी." विपुल अंगठा तोंडात धरून बोलत होता. "समोरून एक स्कूटरवाला आला. हात वर करून बोटं उघडझाप करून दाखवली. दिवसा लाईट चालू आहे म्हने. मले वाटलं भला मानूस आहे, आपल्या बॅटरीची काळजी करून राहिला. केला बंद."

"कोन होता?"

"मोठा रेनकोट होता अंगात. तोंड नाही पाह्यलं."

आबाजी खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते. बशी ओठांपाशी थांबली. मग ती त्यांनी न पिताच खाली ठेवली. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. मला त्या दिवशी त्यांची पाठ दिसली होती, हात दिसला नव्हता. आता दिसला.

म्हणजे मी भलत्याच माणसाचं रक्त काढलं होतं.

राग कमी झाला असेल असं वाटतं का तुम्हाला? दुप्पट झाला. दोन दिवस आबाजी काही बोलले नाहीत. गावात लोक विपुलला शिव्या देत होते, आबाजी ऐकत होते. आचल खिडकीत बसून शाळेत जाणाऱ्या मैत्रिणी मोजत होती, आबाजी पाहत होते. मी अंगणातून त्यांच्याकडे टक लावून बसलो. जेवताना, अंघोळीला जाताना, देवाला फूल तोडताना. बोला म्हातारबुवा. बोलत नाही तोवर मी हलत नाही.

तिसऱ्या दिवशी भंगारवाला आला. त्यानं सायकलचं हँडल धरलं आणि ती ओढत फाटकापर्यंत नेली. तेव्हा आबाजी उठले.

"ठेव ते खाली. किशोर, तो स्कूटरवाला मी होतो."

"काय बोलून राहिले बाबा?"

"चाळीस वर्षं झाले. दिवसा कोनाचा लाईट दिसला का माया हात आपोआप वर जाते. पुण्याचं काम समजत होतो मी ते."

आरती आत गेली. खुंटीवरचा काळा रेनकोट तिनं घडी न करता बोळा करून भंगारवाल्याच्या पोत्यात कोंबला आणि परत आत गेली.

आचल मात्र चिडली होती. "मंग सायकल काहून विकता? तिनं काय केलं? अन् माई शाळा काहून बंद? चुकले तुमी, अन् घरी बसू मी?"

"सजा सांग बेटा," आबाजी म्हणाले. "देशीन ते भोगतो."

"झड असली का तुमी माया मागं यायचं. शाळेपर्यंत. लाईट लावून."

किशोरनं सायकल फाटकापासून परत आणून भिंतीला टेकवली. मग भंगारवाल्याला म्हणाला, "जाय बाबा तू."

विपुलनं सायकल चांदूर बाजारला अब्दुल रहीम मिस्त्रींकडे नेली. ते नवा रिफ्लेक्टर बसवायला निघाले आणि मला काढता काढता थांबले. "आधा है तो क्या, चमकता तो है," म्हणाले. नवा त्यांनी वर बसवला आणि मला खाली राहू दिलं.

प्लास्टर निघालं आणि भादव्यात पुन्हा झड आली. आचलच्या अंगावर लिंबासारखा पिवळा रेनकोट होता. मागे आबाजी, स्कूटरचा दिवा लावून. मित्रांनो, याच दिवसाची मी वाट पाहत होतो. त्यांच्या दिव्याचा कणन् कण पकडला आणि फेकला त्यांच्या डोळ्यांत. ते डोळे बारीक करत होते, मान तिरपी करत होते. मी सोडलं नाही. पाहा, म्हटलं. नीट पाहा, समोर कोण आहे ते.

तीन किलोमीटरवर समोरून एक मोटारसायकल आली. तिच्यावरच्या माणसानं आबाजींना पाहिलं आणि अगदी आपुलकीनं हात वर करून बोटं उघडझाप केली.

आबाजींचा अंगठा बटनावर गेला.

अंगठा तसाच मागे आला. "माई नात आहे समोर!" आबाजी पावसात एवढ्यानं ओरडले की तो माणूस दचकून डगमगला आणि निघून गेला. दिवा लागलेलाच राहिला, शाळेच्या फाटकापर्यंत.

माझा राग गेला का? नाही गेला. जोवर आचलचा हात झडीत दुखतो, तोवर जाणारही नाही. म्हणून सांगतो, पाऊस असेल, आभाळ भरलेलं असेल, तेव्हा कोणाचा दिवा बंद करायला लावू नका. अंगावर काळं घालून निघू नका. आणि निघण्याआधी सायकलच्या मागे जा, आमच्यावरचा चिखल पुसा. बाकीचं आमच्यावर सोडा. ज्याचा उजेड आमच्यावर पडेल त्याच्या डोळ्यांत तो आम्ही घालणार, आणि जरासुद्धा कमी करणार नाही.