दाराजवळचा पिवळा कॉक

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे 'नाकाडे' म्हणतात. नाक मोठं आहे म्हणून नव्हे. गॅसच्या पाइपांची कामं करतात आणि कुणाच्याही घरात शिरल्या शिरल्या आधी हवा हुंगतात म्हणून. मला बघायला आले तेव्हासुद्धा आमच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून नाक फेंदारून बसले होते. मला वाटलं, माणूस खादाड दिसतोय. कसलं काय, आमची शेगडी गळत होती!

अशा माणसाला सुट्टीवर काढायचं म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण कामाशिवाय कुठे पाऊल टाकलं असेल तर शपथ. शेवटी मीच पदर खोचला. "अख्ख्या आशियात एवढं मोठं शहर नाही म्हणे. ते बघायचंय मला," असं रोज जेवताना त्यांच्या कानीकपाळी ओरडायचे. वैतागून एकदाचे हो म्हणाले.

बेत मात्र मी आणि सासूबाईंनी मिळून आखला. टेबलावर नकाशा पसरून त्या बोट ठेवायच्या, "आधी हा मनोरा, मग बोटीतून फेरी, आणि त्याला पायी चालव, पोट सुटलंय." सासू-सुनेचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. आमचीही रोज वादावादी व्हायची, पण एकीवाचून दुसरीच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. स्वतः यायला मात्र त्या तयार होईनात.

"माझे हे गुडघे तिथे कोण वाहून नेणार? तू फोटो पाठव. मी पलंगावर बसून शहर बघते."

मला त्यांना एकटं सोडवत नव्हतं. गेल्या वर्षीच्या तापात त्यांना वास येणंच बंद झालं होतं. दूध करपून काळं झालं तरी पत्ता नाही. मी म्हटलं, "आई, तुम्ही बहिणीकडे राहा ना." तर म्हणाल्या, "मी काय कुकुलं बाळ आहे?" झालं. त्यांच्यापुढे कोण बोलणार!

निघायच्या दिवशी सकाळपासूनच माझ्या मनात पाल चुकचुकत होती. सगळं भरलं होतं, सगळं तपासलं होतं, तरी वाटायचं, काहीतरी राहिलंय. टॅक्सीवाला खाली हॉर्न बडवत होता. सासूबाई जिना उतरून आम्हाला निरोप द्यायला फाटकापर्यंत आल्या होत्या. हे सर्वांत शेवटी बॅग घेऊन खाली आले. टॅक्सी वळली तेव्हा मी मागे बघितलं. त्या हात हलवत होत्या, आणि मला एकदम रडू आलं. "विमानात बसायच्या आधीच सुरू झालीस?" हे म्हणाले.

उतरलो, खोलीवर पोचलो. खिडकीतून बघावं तिकडे इमारतीच इमारती, मान दुखेपर्यंत उंच. मी फटाफट फोटो काढून सासूबाईंना पाठवले. पाठवायचा अवकाश, त्यांचाच फोन आला.

"अगं, केव्हाची लावतेय, तुमचे फोन बंद! शेगडी पेटत नाहीये. चारही बटणांचे कान पिळून झाले, लायटर दाबून अंगठा सुजला. पोरगा गॅसवाला आणि आई चहावाचून बसलीये!"

ह्यांनी कपाळावर हात मारला. "गॅसच्या पाइपाचा कॉक मी बंद केला. निघताना."

त्यांच्या धंद्यातली सवयच ती. रिकाम्या घरातून बाहेर पडताना दाराजवळचा कॉक बंद करायचा. उस्तादाने चापट मारमारून शिकवलेलं. आई खाली फाटकाशी होती, घर रिकामं होतं, हाताला तेवढंच कळलं. मला इतकं हसू आलं म्हणून सांगू! "दिव्याखाली अंधार," मी म्हटलं.

हे फोनवर म्हणाले, "आई, दाराजवळ पिवळा कॉक आहे बघ. आडवा असेल, तो उभा कर."

"केला बाबा उभा. आता राहू दे, चहाची इच्छाच मेली. जरा पडते. त्या मनोऱ्याचा फोटो पाठव गं, उठल्यावर बघते."

आम्ही बाहेर पडलो. मनोरा बघितला, फोटो पाठवला. पुलाचा पाठवला. ह्यांचा एक वेड्यासारखा टोपी घातलेला पाठवला. एकही बघितला गेला नाही. झोपल्या असतील, म्हटलं. मग रस्त्याकडेच्या एका गाडीपाशी खायला थांबलो. गाडीवाल्या बाईने बटण फिरवलं, काडी लावली, भक्कन जाळ झाला. हे जागच्या जागी थिजले.

"आई काय म्हणाली? चारही बटणं?"

"हो. कान पिळले म्हणाल्या."

"परत बंद केली म्हणाली?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. कॉक बंद असताना त्यांनी बटणं उघडली होती. ती तशीच राहिली असतील, आणि वर आम्हीच त्यांना कॉक उघडायला लावला होता. नाकाला वास नाही, आणि त्या झोपलेल्या.

हे त्यांना फोन लावत सुटले. नुसतीच रिंग. मीही हातपाय गाळून बसले नाही. खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना फोन लावला. "काका, पळत वर जा! आईंना उठवा! झोप फार गाढ आहे त्यांची, दार उघडेपर्यंत बेल दाबत राहा!"

"हा निघालोच. फोन चालूच ठेव," म्हणाले आणि फोन खिशात टाकला असावा. कापडाची खसखस, मग जिन्यावर चपलांचा आवाज.

"अहो, काका निघाले! बेल वाजवायला सांगितलीये," मी म्हटलं.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "बेल? अगं, बेलमध्ये ठिणगी पडते!"

त्यांनी माझा फोन हिसकावला आणि गर्दीत उभे राहून छाती फुटेस्तोवर ओरडायला लागले. "काका! बेल नको! हात लावू नका! काका, खाली उतरा!" मीही ओरडत होते. त्या एवढ्या मोठ्या शहरात आमचा एक शब्द कुणाला कळत नव्हता. लोक बाजूला होऊन वाट देत होते. फोनमध्ये चपला वर चढत होत्या, काका धापा टाकत होते, "आलो आलो, वहिनी," असं दाराशी म्हणत होते.

आमच्या बेलमध्ये चिमणी आहे. ती चिवचिवली. काही झालं नाही. मी देवाचं नाव घेतलं. मग ती पुन्हा चिवचिवायला लागली आणि मध्येच फोन मुका झाला.

मी त्यांच्या हातातून फोन ओढून काकांना लावला. लागेना. सासूबाईंना लावला. लागेना. पुन्हा काकांना लावायला लागले तेव्हा ह्यांनी माझं मनगट धरलं. आवाज अगदी हळू होता.

"नको लावू आता," ते म्हणाले. "कुणी नाही उचलणार."