ओटिस ग्रेडीचे तीन

"बाकी सगळं राहू दे, आकडा बघ," संघासाठी खेळाडू पारखणारा विक डनहॅम बैठकीत म्हणाला. "अख्ख्या मोसमात त्यानं क्वार्टरबॅकला किती वेळा पाडलं? तीन. माझी आई वॉकर घेऊन उतरली असती तरी चार वेळा पाडलं असतं."

टेबलाभोवतीची माणसं हसली. डोरीन काल्व्हर्टही हसली, कारण विकच्या आईला ती ओळखत होती आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

कॉलेजमधल्या खेळाडूंतून अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांनी आपापले गडी निवडायला दहा दिवस उरले होते. चर्चा चालली होती आयोवातल्या एका लहान कॉलेजच्या ओटिस ग्रेडीची. समोरच्या संघाचा डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकवर, त्यानं चेंडू फेकायच्या आत झडप घालणं, हे त्याचं काम. आदल्या वर्षी त्यानं अकरा वेळा क्वार्टरबॅकला लोळवलं होतं, यंदा तीन. सगळ्यांच्या टिपणांत एकच शेरा होता : जोर संपला. एकट्या डोरीनने लिहिलं होतं, निवडीच्या चौथ्या फेरीपर्यंत घ्यावा.

डोरीन सत्तावन्न वर्षांची. एकोणीस वर्षं तिनं याच संघाच्या तळघरात सामन्यांच्या चित्रफिती कापून प्रशिक्षकांना जुळवून दिल्या होत्या. चार वर्षांपूर्वी खेळाडू पारखणाऱ्या एकाने नोकरी सोडली, तेव्हा तिनं स्वतःहून त्याची जागा मागितली. तेव्हापासून ती गावोगाव मोटार हाकत होती, गार वाऱ्यात लाकडी बाकांवर बसत होती. पण तिनं सुचवलेला एकही खेळाडू आजवर संघाने घेतला नव्हता. मे महिन्यात तिचा करार संपत होता, आणि नवा व्यवस्थापक ग्रेग हॅलोरन माणसं कमी करणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ग्रेडीचं गणित तिला सुटत नव्हतं. नोव्हेंबरात ती त्याच्या कॉलेजात गेली होती. सराव संपल्यावर तिनं त्याला सरळच विचारलं, की या वर्षी काय झालं. ग्रेडी उंच, खांद्यांत रुंद, बोलायला हळू. पायांची पट्टी सोडत तो म्हणाला, "मीच कमी पडलो, मॅडम." दुखापत होती का? नाही. प्रशिक्षक बदलले, त्याचा त्रास झाला का? नाही, ते चांगले आहेत. सबब सांगणारी पुष्कळ पोरं डोरीनने पाहिली होती. याच्याकडे साधी एक सबब नव्हती, आणि तेच तिच्या मनात अडकून राहिलं.

घरी आल्यावर तिनं त्याच्या बाराही सामन्यांच्या फिती लावल्या आणि ग्रेडीकडे न बघता त्याच्या शेजारच्या गड्याकडे बघायला सुरुवात केली. कोल ब्रँट. आदल्या वर्षी दोन, यंदा तेरा. विकचा लाडका.

आता बैठकीत विकचं बोलून झाल्यावर तिनं हॅलोरनकडे सहा मिनिटं मागितली. त्याने घड्याळ बघितलं आणि मान हलवली.

तिनं ब्रँटचे तेरा प्रसंग एकापाठोपाठ एक लावले. सांगितलं एवढंच, की चेंडूकडे बघू नका, डाव्या कडेला बघा. डाव्या कडेला प्रत्येक वेळी ग्रेडी होता. नवा प्रशिक्षक त्याला क्वार्टरबॅकवर सोडतच नव्हता. बाहेरची वाट अडव, त्याला आत ढकल, असं त्याचं काम ठरलेलं दिसत होतं. त्याला थोपवायला समोरचे दोन-दोन गडी लागत होते, आणि मधल्या मोकळ्या जागेतून ब्रँट आरामात घुसत होता. तेरापैकी दहा वेळा हेच. मग तिनं ग्रेडीचा स्वतःचा एक तुकडा लावला : शेवटच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, दोघं अंगावर असतानाही ग्रेडी त्यांना रेटत क्वार्टरबॅकपर्यंत पोचला होता.

"ज्याचा जोर संपलाय, तो हा," डोरीन म्हणाली.

या वेळी कोणी हसलं नाही. विकने चष्मा काढून पुसला आणि शेवटचा तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

"तुम्ही यावर सही करता?" हॅलोरनने विचारलं. "तो फुकट गेला तर नाव तुमचं लागेल."

"टिपणाखाली केलीच आहे," ती म्हणाली.

निवड तीन दिवस चालायची. दुसऱ्या दिवशी ब्रँटला दुसऱ्याच संघाने उचललं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, चौथ्या फेरीत डोरीनच्या संघाची पाळी आली तेव्हा ग्रेडी अजून शिल्लक होता. ठरवायला काही मिनिटंच असतात. हॅलोरनने खोलीभर नजर फिरवून विचारलं, कोणाचं काही म्हणणं? आधी बोलला तो विक.

"मी त्या पोराला चार महिने बघितलं आणि मला काही दिसलं नाही," तो म्हणाला. "हिला दिसलं. घे त्याला."

हॅलोरनने नाव कळवलं. मग ग्रेडीला फोन लावला, अभिनंदन केलं, दोन शब्द बोलला आणि फोन डोरीनपुढे धरला. अशा फोनवर पारखणाऱ्यांना कोणी बोलू देत नाही. पलीकडे एक बाई रडत होती, कोणीतरी भांडं बडवत होतं.

"मॅडम," ग्रेडी म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही विचारलंत, तेव्हा मी खरं सांगितलं नव्हतं."

"माहीत आहे. दुसऱ्या कोणावर ढकललं असतंस, तर मी इतकं बघितलं नसतं. जा, आईजवळ बस."

तिनं फोन परत दिला. भिंतीवरच्या मोठ्या फळ्यावर संघाने घेतलेल्या खेळाडूंच्या नावाच्या पट्ट्या लागत होत्या. त्या लावायचं काम एका कारकुनाचं. हॅलोरनने ग्रेडीची पट्टी त्याच्या हातून घेतली आणि डोरीनला दिली.

ओळ उंचावर होती. एकाने खुर्ची सरकवली, पण ती नको म्हणाली. एक हात भिंतीवर टेकवून ती चवड्यांवर उंच झाली आणि बोटांच्या टोकांनी पट्टी वर ढकलली. पट्टी चिकटली, थोडी तिरकी. पुढचं नाव पुकारलं जायच्या बेतात होतं, तरी डोरीन आपल्या जागेवर जाऊन बसेपर्यंत खोलीतली सगळी माणसं उठून उभी होती.